नेवाडातलं बर्लिन आणि तिथले इक्थिओसॉर

लाँग वीकेंडला सगळे टाहो तलावाला चालले होते आणि आम्ही रेनोवरून पुढे थेट नेवाडाच्या पोटात, बर्लिन-इक्थिओसॉर स्टेट पार्कला. लेकाने याबद्दल वाचल्यापासून नुसती भुणभुण लावली होती. जाणार असाल तर फॅलनला टाकी फुल करा, खाणंपिणं सोबतच घ्या (आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती), मग हायवे 50 वरून मिडलगेटला वळायचं, गॅब्सजवळून डोंगराकडे, जवळपास 7000 फुटांवर. वाटेत माणूस म्हणून दिसत नाही.

इक्थिओसॉर म्हणजे डायनोसॉर नाही आणि मासाही नाही, समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. इथल्या शोनिसॉरसची लांबी 50 फुटांपर्यंत, म्हणजे आपल्या लालपरीच्या सव्वा-दीडपट! सुमारे 22-23 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. 1928 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या म्युलरांना ही हाडं दिसली, 1954 पासून बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स कॅम्प यांनी खोदकाम केलं आणि जवळपास 40 प्राणी सापडले. त्यातली काही हाडं उचलून नेलीच नाहीत, जिथे होती तिथेच ठेवून वर शेड बांधली. आत गेल्यावर आधी काहीच कळत नाही, दगडात दगड. मग रेंजर बाईंनी बोट दाखवलं आणि भाकरीएवढ्या चकत्या एकाला एक टेकून ओळीने पडलेल्या दिसल्या, तो पाठीचा कणा. एकदा तो दिसला की मग फासळ्या, वल्ह्यासारखे पाय, सगळं दिसायला लागतं.

एवढे सगळे एकाच जागी कसे, यावर खूप वर्षं वाद होता, किनाऱ्यावर येऊन अडकले असं कॅम्पना वाटायचं. 2022 च्या संशोधनात मात्र पोटातल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची इवलीशी हाडं ओळखली गेली. म्हणजे मोठे प्राणी आहेत, तान्ही आहेत, मधल्या वयाचे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे या माद्या पिढ्यानपिढ्या इथे बाळंतपणाला येत असाव्यात असं या संशोधकांचं म्हणणं आहे. हे ऐकलं आणि मला एकदम भरून आलं. लेकाच्या वेळी मला माहेरी जाता आलं नव्हतं, आईच इकडे आली होती, आणि इथे या एवढ्या अजस्र जनावरांचं माहेर वाळवंटात दगड होऊन पडलंय.

खाली बर्लिन गाव. 1897 च्या सुमाराला सोन्या-चांदीच्या खाणीसाठी वसलं, भरात होतं तेव्हा अडीचशेच्या आसपास माणसं, 1911 पर्यंत ओस. मोठी लाकडी मिल अजून उभी आहे, तिथे 30 लोखंडी मुसळं धातूचा दगड कुटायची आणि मग पाऱ्याने सोनं धरायचे. तो धडधडाट दिवसरात्र ऐकत बायका स्वयंपाक करत असतील, मुलं झोपत असतील, हेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं. आता फळ्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे येतात आणि वारा, बाकी काही नाही. पार्कवाले ही घरं नवी करत नाहीत आणि पडूही देत नाहीत, आहेत तशी धरून ठेवतात. मला हे फार आवडलं, रंगवून चकचकीत केलं असतं तर गाव मेलंच असतं.

लेकाने एका घराजवळ गंजका चौकोनी खिळा उचलला होता. नेऊ का म्हणाला. मी म्हटलं, नको बाळा, हाडं ठेवलीयेत ना तिथल्या तिथे, तसंच. तो परत गेला, वाळूत खिळ्याच्या आकाराची खाच अजून होती, त्यात त्याने तो हळूच बसवला.