कचऱ्याची गाडी वळली की पुढे

मी रिसायकलिंगच्या सॉर्टिंग प्लांटमध्ये मशीनच्या मेंटेनन्सचं काम करते. हे कळलं की समोरचा माणूस आधी नाक मुरडतो आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो. आमच्या मावशीने तर भर लग्नात विचारलं होतं, "आम्ही मेलं वेगवेगळं करून ठेवायचं आणि तुमच्या गाडीने सगळं एकत्रच न्यायचं ना? मी डोळ्यांनी बघितलंय गं, दोन्ही डबे एकाच गाडीत ओतले."

मावशीने बघितलं ते खरंच होतं. फक्त गाडी आतून कशी असते ते तिला दिसलं नव्हतं. पुष्कळ गाड्यांमध्ये मधोमध उभी भिंत असते. एका बाजूला उष्टं-खरकटं, दुसऱ्या बाजूला राहिलेला कचरा, किंवा एकीकडे काच आणि दुसरीकडे बाकीचं रिसायकलिंग. दोन कप्पे, माल दाबणारे दोन प्रेस, रिकामं करायची दारंही दोन. जिथे अशी गाडी नसते तिथे प्रत्येक डब्याची गाडी वेगळी येते, कधी त्याच दिवशी मागेपुढे, कधी वेगवेगळ्या दिवशी. एकत्र करणं परवडतच नाही, कारण पुढची सगळी यंत्रणा वेगळं येणार असं धरून उभी केलेली असते.

डबा रस्त्याच्या कडेला कसा ठेवायचा याचेही नियम असतात आणि लोकांना ते उगाच छळल्यासारखे वाटतात. चाकं घराकडे, झाकण उघडेल ती बाजू रस्त्याकडे, दोन डब्यांमध्ये हातभर अंतर, झाकण पूर्ण लागलेलं. बाजूने डबा उचलणारी गाडी असेल तर बहुतेक वेळा आत एकटा ड्रायव्हर असतो. तो खाली उतरत नाही. यांत्रिक हात बाहेर येतो, डब्याला कवेत घेतो आणि उलटा करतो. डबे चिकटून असले की हात मधे शिरत नाही. झाकण उघडं असलं की वाऱ्याने अर्धा माल रस्त्यावर. डबा पार्क केलेल्या गाडीच्या मागे असला तर ड्रायव्हर पुढे निघून जातो, आणि मग संध्याकाळी तक्रार येते की आमचाच डबा राहिला.

गाडीत काय होतं तेही सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. साध्या कचऱ्याची गाडी माल चांगला दाबून भरते, एका फेरीत जास्त बसावा म्हणून. रिसायकलिंगची गाडी बेताने दाबते. जास्त दाबलं तर काच फुटून कागदात रुतते, आणि काचेची कच बसलेला कागद कागदगिरणी घेत नाही. म्हणूनच काही ठिकाणी काचेचा डबाच वेगळा असतो. मला विचाराल तर तीच पद्धत चांगली.

आता आमच्या दारात. गाडी जमिनीवर ढीग ओतते, लोडर तो उचलून पट्ट्यावर टाकतो आणि पहिल्यांदा माणसं उभी असतात. पट्टा हलता असतो आणि हातमोजे घातलेले हात नको ते बाहेर काढत असतात. बागेचा पाइप, विजेची वायर, बाळांचे डायपर, तवा, एकदा तर अख्खी तंबूची काठी. डायपरांचं आश्चर्य मला अजून वाटतं. कुणाला वाटत असेल की याचं काहीतरी चांगलं होईल? अशा आशेवर टाकलेल्या वस्तूंचा आम्हाला फार त्रास होतो. शंका आली तर रिसायकलिंगमध्ये टाकू नका, साध्या कचऱ्यात टाका. एक घाण डायपर शेजारचा चांगला कागदही खराब करतो.

माझं मुख्य भांडण मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्यांशी आहे. माणसांच्या पुढे चाळण्या असतात. जाळीच्या चाळण्या नव्हेत. एकापुढे एक फिरणारे दांडे, त्यांवर चकत्या किंवा चांदणीच्या आकाराची रबरी चाकं. पुठ्ठा आणि कागद या चाकांवर तरंगत वर जातात, बाटल्या आणि डबे घरंगळत खाली येतात, बारीकसारीक मधून गळून पडतं. त्यात पातळ पिशवी आली की ती दांड्याला गुंडाळली जाते. तिच्यावर दुसरी. मग टेप, दोरी, कॅसेटची फीत (हो, अजून येते). हळूहळू चकत्यांमधल्या फटी बुजतात, दांडा जाडजूड ओंडक्यासारखा दिसायला लागतो आणि चाळणी चाळायचंच सोडते. मग मशीन बंद. वीज तोडून, कुणी चुकून चालू करू नये म्हणून स्विचला आपापलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, आत उतरायचं आणि हुकासारख्या सुरीने ते सगळं कापून काढायचं. ते थरांवर थर घट्ट बसलेलं असतं, मधे काचेची कच, सिरिंज असू शकते, वास तर विचारू नका. हे काम रोजचं आहे. म्हणून रिसायकलिंग पिशवीत बांधून टाकू नका, डब्यात सुटं ओता. बांधलेली पिशवी फोडून बघायला पट्ट्यावरच्या माणसाला वेळ नसतो. आत काय आहे हे न दिसल्यामुळे ती थेट कचऱ्यात जाते. तुम्ही धुतलेल्या बाटल्यांसकट.

याच चाळणीमुळे आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोक चकित होतात. बाटली पायाखाली घेऊन चपटी करायची सवय चांगली समजली जाते. पण मशीन सपाट वस्तूला कागद समजतं आणि गोलसर वस्तूला बाटली. चपटी बाटली कागदाबरोबर वर जाते. तेव्हा पुठ्ठ्याची खोकी जरूर मोडा, बाटल्या मात्र आहेत तशाच टाका, अगदी जागा नसेल तर थोड्या दाबा. आणि फार लहान वस्तू, साधारण पाच सेंटिमीटरहून छोट्या, सुट्या टाकण्यात अर्थ नाही. त्या फटींतून काचेच्या चुऱ्यात पडतात. श्रेडरमधून काढलेल्या कागदाच्या पट्ट्यांचंही तेच. बाटलीच्या टोपणाचा नियम जागोजागी वेगळा असतो तो यातूनच आलाय. कुणी म्हणतं टोपण घट्ट लावून टाका म्हणजे ते हरवणार नाही, कुणी म्हणतं काढून कचऱ्यात टाका. तुमच्याकडे जे पत्रक येतं तेच खरं.

चाळण्यांच्या पुढचा भाग माझ्या आवडीचा. वरून लोहचुंबक लोखंडी डबे उचलून नेतो, त्यात विशेष काही नाही. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, तरी ते वेगळं होतं. पट्ट्याच्या शेवटच्या रोलरच्या आत चुंबकांचं चाक प्रचंड वेगाने फिरत असतं. त्याच्या बदलत्या क्षेत्रामुळे कॅनच्या पत्र्यात विजेचे भोवरे तयार होतात, कॅन क्षणभरासाठी स्वतःच चुंबक बनतो आणि पट्ट्यावरून टुणकन पुढे उडी मारतो. प्लॅस्टिक तिथेच खाली पडतं. मी इतक्या वेळा पाहिलंय तरी तिथे दोन मिनिटं थांबतेच. हे कॅन पकडणं मोलाचंही आहे, कारण खनिजापासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते त्यातली सुमारे 95 टक्के जुनं वितळवलं की वाचते.

प्लॅस्टिकसाठी डोळे वेगळे. पट्ट्यावर इन्फ्रारेड प्रकाश पडतो, प्रत्येक जातीचं प्लॅस्टिक तो आपापल्या पद्धतीने परतवतं, सेन्सर ते ओळखतो आणि पट्टा संपतो तिथे हवेचा नेमका झोत त्या बाटलीला पलीकडच्या कप्प्यात उडवतो. काळ्या प्लॅस्टिकमधला काजळीचा रंग हा प्रकाश गिळून टाकतो, सेन्सरला काहीच दिसत नाही, म्हणून काळे ट्रे बहुतेक ठिकाणी नाकारतात. तुमचा ट्रे कितीही स्वच्छ असो. बाटलीला नखशिखांत प्लॅस्टिकचं वेष्टन असलं तर सेन्सर बाटलीऐवजी वेष्टनच वाचतो.

प्लॅस्टिकच्या वस्तूवर छापलेल्या त्रिकोणातला आकडा बघून लोक फसतात. तो आकडा 1988 साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केला, तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. रिसायकल होईलच असं वचन त्यात नाही. 1, 2 आणि 5 यांना बऱ्यापैकी गिऱ्हाईक असतं. 3 म्हणजे पीव्हीसी. ते थोडंसं जरी 1 नंबरच्या मालात मिसळलं तरी तो माल वितळवताना पीव्हीसी जळून सगळ्याचा रंग आणि दर्जा बिघडवतं.

शेवटी प्रेसमध्ये दाबून तारेने बांधलेले चौकोनी गठ्ठे तयार होतात आणि ते विकले जातात. विकले जातात, हे महत्त्वाचं. चीन कित्येक वर्षं जगाचा असला माल घेत होता. 2018 पासून त्यांनी घरगुती प्लॅस्टिक आणि मिश्र कागद बंद केला आणि उरलेल्या बऱ्याच मालात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आत हवी असं ठरवलं. त्यानंतर डब्यांचे नियम कडक का झाले ते वेगळं सांगायला नको. डबे किती धुवायचे, हेही लोक विचारतात. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा विसळलं की पुरे. साबण लावून चकचकीत करायची काही गरज नाही.

साधा कचरा, रिसायकलिंग आणि खरकटं अशा तीन डब्यांत खरकट्याचा डबा नवा वाटतो, पण पॅरिसच्या यूजीन पुबेल नावाच्या अधिकाऱ्याने 1884 मध्येच घरमालकांना तीन डबे लावायला लावले होते: एक कुजणाऱ्या कचऱ्याचा, एक कागद आणि चिंध्यांचा, एक काचा, फुटकी भांडी आणि शिंपल्यांचा. म्हणजे कल्पना जुनीच. आणि माझं मत स्पष्ट आहे, तीन डब्यांपैकी सगळ्यात जास्त काम हा छोटा डबा करतो. ओलं बाहेर गेलं की कागद कोरडा राहतो, साध्या कचऱ्याचा वास जातो, आणि मग तो डबा दर आठवड्याला उचलायची गरज उरत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी खरकटं दर आठवड्याला आणि बाकीचं एकाआड एक आठवडा नेतात. लोक सुरुवातीला चिडतात. पुढे बहुतेकांचा मोठा डबा अर्धाच भरतो.

हेच खरकटं लँडफिलमध्ये पुरलं तर हवा न लागता कुजतं आणि मिथेन सोडतं, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. तिथे पाइप घालून वायू ओढतात, पण सगळा सापडत नाही. बंद टाकीत तीच क्रिया मुद्दाम घडवली की मिथेन हाती लागतो, त्यावर वीज किंवा उष्णता मिळते आणि उरलेला चोथा शेतात खत म्हणून जातो. टाकी म्हणजे गाईचं पोटच, साधारण 35 ते 40 अंश, जिवाणू तेच काम करतात. हाडं, मासे, शिजवलेलं अन्न, जे घरच्या कंपोस्टमध्ये घालायला आपण कचरतो, ते टाकीला चालतं. झाडाच्या फांद्या मात्र चालत नाहीत. लाकूड त्या जिवाणूंना पचत नाही, ते उघड्या ढिगाच्या कंपोस्टला द्यावं.

"कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्यांवरून नेहमी वाद होतो. युरोपच्या इएन 13432 मानकाप्रमाणे अशी पिशवी कारखान्याच्या गरम कंपोस्टमध्ये 12 आठवड्यांत तुकडे होऊन विरली पाहिजे. टाकीतला मुक्काम मात्र बहुधा तीन-चार आठवड्यांचा. शिवाय टाकीच्या आधी एक यंत्र माल फोडून त्याची पेज करतं आणि पिशवी दिसली की ओढून बाहेर टाकतं. ती मक्यापासून केलेली कंपोस्टेबल आहे की साध्या प्लॅस्टिकची हे त्याला कळत नाही. तुमच्याकडे पिशवी चालते असं लिहिलं असेल तर घाला, नाहीतर तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला. वासाचं काही असेल तर, माशाचे काटे वगैरे, गाडीच्या आदल्या रात्रीपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा. अळ्यांचा प्रश्नच येत नाही.

आणि बॅटऱ्या. मेंटेनन्सवाल्यांना सगळ्यात जास्त धास्ती यांचीच. मोबाइलची, खेळण्यातली, इलेक्ट्रिक टूथब्रशची, उघडल्यावर गाणं वाजवणाऱ्या ग्रीटिंग कार्डातली बटण-बॅटरी, या कुठल्याच डब्यात नकोत. लिथियमची बॅटरी गाडीच्या प्रेसखाली किंवा लोडरच्या चाकाखाली चिरडली की आतल्या आत शॉर्ट होते, तापते, आणि भोवती कोरडा पुठ्ठा असतोच. पेटलेली गाडी ड्रायव्हरला कधीकधी भर रस्त्यात सगळा माल ओतून रिकामी करावी लागते. आमच्या ढिगावर रात्रभर उष्णता बघणारे कॅमेरे असतात ते याचसाठी. टोकांना चिकटपट्टी लावा आणि जिथे बॅटऱ्या घेतात तिथेच नेऊन द्या.