शेवटी मीठच निघालं

काल परत तेच झालं. प्रोटीनचे क्रिस्टल वाढवायच्या 96 खान्यांच्या ट्रेमध्ये एका थेंबात मस्त चकचकीत, धारदार कडांचा क्रिस्टल दिसला, मी अख्ख्या लॅबला बोलावून दाखवला, आणि एक्स-रेखाली धरला तर काय, मीठ! मॅग्नेशियम आणि फॉस्फेट एका थेंबात आले की होतं असं, माहीत असून माती खाल्ली. घरी सांगितलं तर भाऊ म्हणतो, प्रोटीनचा आकार सांगणारा तो एआय, अल्फाफोल्ड, आहे ना आता, कशाला डोकं फोडतेस. अरे बाबा, तो आकार सांगतो, बराचसा बरोबरही सांगतो, पण प्रोटीन काम करताना कसं हलतं ते एका आकारावरून कसं कळणार?

हे हलणं पहिल्यांदा दिसलं ते रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये, आणि तेही साध्या मायक्रोस्कोपखाली. प्रागच्या फेलिक्स हाउरोविट्झने घोड्याच्या हिमोग्लोबिनचे क्रिस्टल फ्रीजमध्ये ठेवले होते. काही आठवड्यांनी बघतो तर लालभडक सुया गायब आणि त्यांच्या जागी जांभळ्या षटकोनी चकत्या. ऑक्सिजन संपला होता. स्लाइडवर काचेच्या कडेने हवा आत शिरली तशा चकत्या विरघळल्या आणि परत लाल सुया! म्हणजे ऑक्सिजन घेताना अख्खा रेणू आपली बैठकच बदलतो.

केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झने 1937 मध्ये याच हिमोग्लोबिनचा नाद धरला आणि पहिला ढोबळ आकार हातात आला 1959 मध्ये. बावीस वर्षं! मधे महायुद्धात शत्रूदेशाचा माणूस म्हणून कॅनडात डांबलं ते वेगळंच. एक्स-रे क्रिस्टलमधून गेले की फिल्मवर ठिपके भरपूर मिळायचे पण लाटांची फेज, म्हणजे कुठली लाट किती पुढेमागे आहे ते, हरवलेली, मग 1953 मध्ये रेणूला पारा चिकटवून ठिपक्यांतला फरक मोजायची युक्ती चालली. त्याचा सहकारी केंड्रू, त्याचा मायोग्लोबिन (स्नायूंतलं ऑक्सिजन धरणारं प्रोटीन) त्याच्या आधी सुटला, 1962 चं नोबेल दोघांना मिळून. (मी तीन महिन्यांत रडतेय.)

आणि आकार कळून काय होतं विचाराल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बघा. आमच्या विदर्भात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पेरुट्झच्याच युनिटमध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने 1956-57 मध्ये दाखवलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या ॲमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं आलंय, बस एवढंच. पण ही सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, आणि ऑक्सिजन सोडल्यावर शेजारच्या रेणूवर एक खोबण अशी तयार होते की हे तेलकट स्वभावाचं व्हॅलिन त्यात फिट्ट बसतं. एकाला एक अडकत दोऱ्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन असताना ती खोबण नीट जुळतच नाही, म्हणून त्रास ऑक्सिजन कमी पडला की. नुसत्या ॲमिनो ॲसिडच्या यादीवरून हे कोणाला कळलं असतं?

असो. आज नवा ट्रे लावलाय, फॉस्फेट न घालता.