विटकरी पावडर

सकाळी भट्टीची नळी उघडली आणि पोटात गोळाच आला. आत दोन बोटी, म्हणजे पावडर भाजायची लांबट भांडी, ठेवल्या होत्या. एकीतली पावडर राखाडी निघायला हवी होती, ती चक्क विटकरी. दुसरी काळी हवी होती, तिच्यावरही तपकिरी साय.

पुण्यातल्या लॅबमधलं माझं पीएचडीचं दुसरं वर्ष. काम लिथियम आयर्न फॉस्फेट या बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या पदार्थावर. बॅटरी-शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 मध्ये पुढे आणलेला हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित, पण विजेच्या बाबतीत महाकंजूष. इलेक्ट्रॉन आतून सरकतच नाहीत, म्हणून प्रत्येक कणावर दोन-चार नॅनोमीटर कार्बनचा थर चढवायचा. त्यासाठी आम्ही साखर वापरतो. बाटलीवर सुक्रोज लिहिलेलं असतं आणि किंमत चहाच्या साखरेच्या कैक पट, एवढाच फरक. लिथियम कार्बोनेट, अमोनियम फॉस्फेट आणि हळदीसारखं पिवळं आयर्न ऑक्झलेट साखरेसोबत बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या गिरणीत, दळायचं आणि आरगॉन या कशाशीच न जुळणाऱ्या गॅसमध्ये 700 अंशांवर भाजायचं. साखर जळत नाही, कोळसा होऊन कणांना बिलगते. तुलनेसाठी दुसऱ्या बोटीत बिनसाखरेचं मिश्रण.

हवा आत शिरली होती, हे रंगच सांगत होता. लोह गंजलं की असंच दिसतं. पण शिरली कुठून? नळीच्या टोकांच्या ओ-रिंग, म्हणजे हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, ठीक होत्या. मग आरगॉनच्या सिलिंडरकडे नजर गेली, दाबाचा काटा शून्यावर. आदल्या संध्याकाळी तो 20 बारवर होता, मी स्वतः वहीत लिहिलेलं. 47 लिटरच्या सिलिंडरमध्ये 20 बार म्हणजे साधारण 940 लिटर गॅस. मिनिटाला 100 मिली या हिशेबाने रात्रभरात शंभर लिटरसुद्धा लागत नाही.

लॅबमधल्या काकांनी काही न बोलता साबणाचं पाणी आणलं, नवा सिलिंडर जोडला आणि रेग्युलेटरच्या नटावर ब्रश फिरवला. फेस फुगला. आतलं वॉशर चिरलेलं. सगळा आरगॉन तिथून निघून गेला. भट्टी थंड होताना नळीतला गॅस आकसला आणि त्याने बाहेरच्या टोकाच्या बबलरमधलं, म्हणजे गॅस ज्यातून बुडबुडत बाहेर पडतो त्या बाटलीतलं, तेल ओढून घेतलं. तेलामागून हवा.

काळ्या बोटीत स्पॅट्युला घातला. वरचा दोनेक मिलिमीटर थर खरवडला तर खाली काळंभोर. बिनसाखरेची बोट मात्र तळापर्यंत विटकरी. मी उत्साहाने सरांना म्हटलं, "सर, कार्बनने ऑक्सिजन स्वतःवर घेऊन लोह वाचवलं!"

"बबलरच्या बाजूला कोणती बोट होती?" सरांनी विचारलं.

बिनसाखरेची. हवा आधी तिच्यावरच आली असणार. कार्बनने किती वाचवलं आणि जागेने किती, हे त्या बोटींवरून कोणालाच सांगता येणार नव्हतं. विटकरी पावडरच्या एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत, हेमेटाइट या लोहाच्या ऑक्साइडची शिखरं ठळक दिसली. ती पावडर फेकायच्याच लायकीची निघाली.

दुपारी पुन्हा दळायला घातलं. या वेळी बोटींच्या जागा बदलल्या. काकांनी वॉशर बदललं आणि जुनं माझ्या टेबलावर ठेवून गेले.