ह्यांनी आज आईला विचारलं

आज हे दुपारच्या बसनं आले. हातपाय धुतले, परत साबण लावून नुसते हात धुतले आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून आईला विचारलं, "घेऊ का?"

स्वतःच्या लेकीला. आणि विचारलं कुणाला, तर आईला.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. डोळ्यांत पाणी आजकाल कशानंही येतं, शेक घेतानासुद्धा, त्यामुळं घरात कुणी काही विचारलं नाही. माझं कोण विचारतंय म्हणा. असू दे.

सगळे प्रेमानंच करतात. आई, आज्जी, काकी, न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. बाळानं जरा तोंड वाकडं केलं की चार हात पुढं. ह्यांच्याकडं असली की आज्जी म्हणणार, "भूक लागलीया तिला, द्या इकडं पाव्हणं." आत्ताच तर पाजलेलं असतं! पण हे लगेच देतात आणि कट्ट्यावर जाऊन मोबाईल बघत बसतात. मग काकी, "बाप्यांना काय कळतंय?" कळणार कसं? रडतं बाळ त्यांच्या हातात कधी राहिलंच नाही. मला तरी काय पोटातनं कळून आलं होतं? रात्रंदिवस तेच करून भुकेचं रडणं वेगळं नि झोपेचं वेगळं, हे कानाला बसलं.

त्यात रजा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कोण देतंय? रविवार तेवढा आपला. आमच्या बाबांनी तर मला... जाऊ दे ते.

मघाशी आज्जी आडवी झाल्यावर मी दार लावून घेतलं. हे बाळाला लांब हातांवर धरतात, भरलेली कळशी धरल्यागत. आशाताई म्हणाल्या होत्या, एवढ्या बाळाला वीत-सव्वा वीतभरावरचंच नीट दिसतं, तोंड जवळ न्या. आणि उघड्या छातीवर घ्या, बापानं घेतलं तरी चालतंय. कांगारू म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या दवाखान्यात बाळं ऊबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधून ठेवली, तिथनं हे सुरू झालं. आमची वजनानं चांगली आहे, पण छाती तर बापाला पण असते की.

शर्ट काढायला लाजले. मग घेतली. लंगोट, टोपडं, वरनं दुपटं. "हात खरखरीत आहेत माझे," म्हणाले. राहू देत. तिला पाठीवर कुणाचा हात आहे ते कळेल. "काय बोलू हिच्याशी?" काय पण बोला, भट्टीचं सांगा. तर खरंच सांगायला लागले, अगदी हळू, वाळूचा साचा कसा फुटला आणि सुपरवायझर कसा ओरडला. ती टक लावून बघत होती. मग रडली, अंगावर दूध काढलं, आणि दाराबाहेरनं आज्जी, "काय करायलाय गे आत?"

शेवटी परत माझ्याकडंच आली. एका दुपारी होणार नाही ते. आणि आज्जीला तरी आता कोण बदलणार? आठ बाळंतपणं निभावलीत तिनं, माझ्या आईचं सगळं तिनंच केलं. तिच्या हाताशिवाय माझं पण चालत नाही. म्हणून भांडणार नाही. फक्त रविवारी पाजून झालं की ढेकर काढायचं काम ह्यांचं, लंगोट ह्यांनी बदलायचा, आणि तेवढा वेळ दार लावलेलं. पाजणं सोडलं तर बाकी कशाला आईच लागते असं कुठं आहे?

गुरुवारी दीड महिन्याचा डोस आहे. मांडीत सुया देतात, कुणीतरी धरून बसावं लागतं. आई निघालीच होती थायी कार्ड, म्हणजे आई-बाळाचं दवाखान्याचं कार्ड, शोधायला. म्हटलं, हे धरतील.

"लई रडली तर?" ह्यांनी विचारलं, या वेळी मला.

रडेलच. धरून बसा.

एक खाडा पडला तर पडला, म्हणाले. बुधवारी रात्रीच येतो.