५७ ची बेल एअर, मिशिगनचं मीठ आणि आमचे बाबा

जुनी अमेरिकन गाडी रिस्टोअर केली असं सांगितलं की पहिला प्रश्न हमखास इंजिनाचा येतो. व्ही-८ म्हणजे आठ सिलेंडरचं आहे का, हॉर्सपॉवर किती, पहिल्या झटक्यात लागते का. खरं सांगू का, इंजिन सगळ्यात सोपं. शेव्हरोलेटचा हा छोटा व्ही-८ ब्लॉक १९५५ ला आला आणि पुढे इतकी वर्षं बनत राहिला की पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत सगळं आजही नवं कोरं मिळतं. डोकं खातो तो पत्रा. आणि गाडी मिशिगनमध्ये वाढलेली असेल तर मग विचारूच नका, कारण इथे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, आणि गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या खालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. ज्या गावाने गाड्या बनवल्या त्याच गावाच्या पोटात त्यांना खाणारं मीठ.

माझी गाडी १९५७ ची शेव्हरोलेट बेल एअर, चार दारांची सेडान. मी मूळची कोल्हापूरची, बाबांचं उद्यमनगरात गॅरेज होतं, आता इथे गाड्यांच्या सीटवर काम करते, त्यामुळे ही हौस कुठून आली हे वेगळं सांगायला नको. ही गाडी 'थंब' म्हणतात त्या भागातल्या एका शेतावर, पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मालक आजोबा गेले, मुलांना शेड रिकामी करायची होती. दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे खिडक्यांच्या मधे खांब नसलेली, असती तर माझ्या खिशाला झेपलीच नसती. चार दारं म्हटलं की हौशी लोक नाक मुरडतात, भाव पडतो, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. खरं तर ५७ मध्ये लोकांनी घेतली ती हीच, बेल एअरची चार दारांची सेडान अडीच लाखांच्या वर गेली. पोस्टरवर मात्र नेहमी दोन दारांचीच.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघितल्या. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीपाशी नंबरची पट्टी असते, तिच्यावर सुरुवात व्हीसी५७एफ. व्ही म्हणजे व्ही-८, सी म्हणजे बेल एअर, एफ म्हणजे फ्लिंटचा कारखाना. फ्लिंट माझ्या घरापासून तासाभरावर, म्हणजे गाडी कधी फार लांब गेलीच नसावी. पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, नाहीतर पुढे गाडी नावावर करताना नाकी नऊ येतात, तेव्हा हे आधी बघा आणि मग गाडीच्या प्रेमात पडा. दुसरी गोष्ट लोहचुंबक. खिशात छोटं चुंबक घेऊन गाडीभोवती फिरायचं, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. डाव्या मागच्या चाकाच्या वर चुंबक सरळ खाली पडलं.

तरी घेतली.

बाबा त्या मे महिन्यात आले, सहा महिन्यांसाठी. आईने येताना लोणची-मसाले भरले होते, बाबांच्या बॅगेत त्यांचे दोन हातोडे आणि डॉली, म्हणजे पत्रा ठोकताना मागून धरायचा लोखंडी ठोकळा. एअरपोर्टवर काय सांगितलं देव जाणे. दुसऱ्याच दिवशी जेटलॅग बाजूला ठेवून गॅरेजमध्ये गेले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने दाराच्या खालचा पत्रा वाजवला आणि म्हणाले, "वरून कीर्तन, आतून तमाशा. इंजिनाचं ऱ्हाऊ दे, आधी हिची हाडं बघू."

हाडं बघितली. डिकीचा तळ गेलेला, रॉकर, म्हणजे दारांखालच्या लांब पत्र्याच्या पेट्या, दोन्ही बाजूंनी गेलेले, ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसत होती. पुढच्या मडगार्डला ५७ चा खास आजार, त्या वर्षी केबिनसाठी हवा हेडलाइटच्या भोवतालून आत घ्यायची सोय केली, दिसायला झकास, पण त्या वाटेने धूळ, पाला, पाणी सगळं जाऊन आत बसतं आणि हेडलाइटच्या वरची भुवई आतून कुजते. चुंबक जिथे पडलं तिथली पुट्टी बाबांनी छिन्नीने काढली तर खाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी निघाली, जाळी ठोकून वरून पुट्टी थापलेली. बाबा कौतुकाने बघत राहिले. "म्हणजे ही विद्या आपल्याकडंच न्हाई बघ," म्हणाले.

आता जे कोणी हे काम करणार असतील त्यांच्यासाठी हा भाग नीट सांगते. रॉकर कापायच्या आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून घ्यायचे. ही गाडी फ्रेमवर बसवलेली आहे हे खरं, पण रॉकर आणि फ्लोअर एकदम कापला तर बॉडी मधे खचते, आणि खचलेल्या बॉडीला नवा रॉकर लावला की दार जन्मात नीट लागत नाही. मला ही थिअरी माहीत होती, बाबांना ती हातात होती, पाइप मारल्याशिवाय त्यांनी मला ग्राइंडरला हात लावू दिला नाही. एका वेळी एकच बाजू. फ्लोअर आणि रॉकरचे तयार पत्रे मिळतात, ट्राय-फाइव्ह म्हणजे ५५, ५६, ५७ च्या शेव्हींसाठी, म्हणजे शेव्हरोलेटसाठी, तर डॅनचकसारखी अख्खी कंपनी आहे जी मुख्यतः हेच पार्ट बनवते. बाबांना सुरुवातीला तयार पत्रा घेणं पटलंच नाही, "मी बडवून देतो की" चालू होतं, मग डिकीच्या तळाच्या त्या लांब लांब नाळ्या बघितल्या आणि गप्प बसले. वेल्डिंग मिगने, म्हणजे तार आपोआप पुढे येते त्या मशीनने, पण सलग ओढायचं नाही, इथे एक टाका, तिकडे लांब एक टाका, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. सँडब्लास्टिंग फक्त फ्रेमला करून घेतलं. बॉनेट आणि छपरासारख्या मोठ्या सपाट पत्र्याला जोरात वाळू मारली तर तोही लहरतो, तो रंग आम्ही केमिकलने आणि हाताने घासून काढला. सगळ्यात कंटाळवाणं काम, त्याबद्दल एवढंच.

दारांच्या फटींवर मात्र बाबांनी किती संध्याकाळी घालवल्या ते मी मोजलं नाही. बॉडी आणि फ्रेमच्या मधे रबरी गाद्या असतात, आणि गादीखाली पातळ लोखंडी पट्ट्या, शिम. मागच्या डाव्या दाराची फट वर बोटभर आणि खाली कागद जाणार नाही इतकी. बिजागरी सैल करून काही होईना. मग बाबांनी फ्रेमवरचा एक बोल्ट ढिला केला, बॉडी जॅकने केसभर उचलली, एक शिम सरकवली, बोल्ट आवळला, दार लावलं. वर थोडी कमी. परत ढिला, परत शिम. प्रत्येक वेळी दार लावताना ते बघत नव्हते, ऐकत होते. 'खटॅक' येतंय तोवर नाही म्हणायचे, 'ठप्' आला तेव्हा चहा मागितला. शेजारचे आजोबा, फ्लिंटमध्ये अख्खी नोकरी काढलेले, खुर्ची टाकून बघायला बसायचे. दोघांची भाषा एक नाही पण शिम, जॅक, आणि नापसंतीने मान हलवणं यावर छान भागायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी बाबा परत गेले. तोवर गाडी राखाडी प्रायमरमध्ये, पण सरळ उभी.

इंजिन २८३ क्युबिक इंचाचं, दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं, १८५ हॉर्सपॉवरवालं. मशीन शॉपने सिलेंडर ०.०३० इंच मोठे केले, आणि हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते सीटला सांभाळून घ्यायचं, आता शिसं नाही म्हणून ही सोय. तसंच आताच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं, तेव्हा पेट्रोलचे सगळे होज नवीन. ऑइलचंही तेच, या इंजिनाच्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, जस्तवालं ऑइल लागतं आणि नेहमीच्या नव्या ऑइलमध्ये जस्त कमी केलंय, त्यामुळे जुन्या गाड्यांसाठीचं वेगळं ऑइल आणावं लागतं.

नवीन कॅम घातला की पहिल्या स्टार्टला एक नियम कडक पाळावा लागतो. आधी डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा, वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर आर्मपर्यंत (हे दारांखालचे रॉकर नव्हेत) ऑइल आलेलं डोळ्यांनी बघायचं, आणि मग इंजिन लागलं की आयडलला सोडायचंच नाही, सरळ २००० आरपीएमवर साधारण २० मिनिटं, नाहीतर कॅम तिथेच घासून वाया. एप्रिलमधला शनिवार, इथे दुपार, कोल्हापुरात रात्र, बाबा व्हिडिओ कॉलवर. इंजिन लागलं. वीस मिनिटं तो आवाज, एक्झॉस्टचा नवीन रंग जळून धूर, नवरा हातात अग्निशामक घेऊन उभा, आणि फोनमधून बाबा ओरडतायत, "शिट्टी ऐकू येतीया, कुठंतरी व्हॅक्यूम गळतोय!" मला काही ऐकू येत नव्हतं. खरोखरच वायपरचा होज मागून सुटला होता. या गाडीचे वायपर व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, चालतात, म्हणजे चढावर तुम्ही पाय दाबला की व्हॅक्यूम कमी आणि वायपर मंद, नेमकं पाऊस असताना. इलेक्ट्रिक वायपर तेव्हाही जादा पैसे देऊन मिळायचे, शेतकरी आजोबांनी दिले नसणार.

कुठे ओरिजिनल ठेवायचं आणि कुठे नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत साधं आहे, थांबणं आणि जीव वाचणं यात ओरिजिनलपणा नको. कंपनीचा ब्रेक मास्टर सिलेंडर एकाच कप्प्याचा, म्हणजे एका चाकाला गळती लागली की चारही ब्रेक गेले. मी दोन कप्प्यांचा बसवला, ड्रम तेच ठेवले. सीटबेल्ट तेव्हा स्टँडर्ड नव्हते, कमरेचे बेल्ट घातले. टायर रेडियल. वायरिंग अख्खं नवीन, कारण जुन्यावरचं कापडी आवरण उंदरांनी घरटं बांधायला नेलं होतं. बाकी जनरेटर तोच, त्यामुळे सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळट होतात, होऊ देत. गिअरचा क्रमही तोच, पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकमध्ये पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्स. नवऱ्याला अजून मागे घ्यायला दिलेली नाही.

रंग कोणता हा प्रश्नच नव्हता, फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या, पट्टीवर कोड असतो. खाली लार्कस्पर ब्लू, छपराला इंडिया आयव्हरी. माझ्या गाडीच्या टाळक्यावर इंडिया आहे हे मी भेटेल त्याला सांगते. तेव्हा कारखान्यात लॅकर मारायचे, मी आताचा बेसकोट-क्लिअरकोट, म्हणजे खाली रंग आणि वर पारदर्शक थर, मारून घेतला, चकाकी जरा जास्तच आली असं जाणकार म्हणतात, बरोबर असतील.

क्रोमने मात्र रडवलं. बंपर लोखंडी, ते सरळ झाले. पण बॉनेटवरचे दोन रॉकेट आणि हेडलाइटच्या कडा जस्ताच्या ओतीव धातूच्या, त्यांना बारीक खड्डे पडतात. प्रत्येक खड्डा घासून, तांबं चढवून, परत घासून, मग निकेल आणि मग क्रोम. एका प्लेटिंगवाल्याकडे दिले तर त्याने तांब्याची पायरीच गाळली, महिन्याभरात फोड आले. दुसऱ्याकडे परत. एकूण खर्च विचारू नका, हौसेला मोल नाही हे वाक्य मी घरी इतक्या वेळा वापरलंय की आता त्यावर बंदी आहे.

मिशिगनमध्ये जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. त्यावर एरवी शो, परेड, क्लबच्या फेऱ्या एवढ्यापुरतीच गाडी काढता येते, पण ऑगस्ट महिना मोकळा. म्हणून ऑगस्टमध्ये मी किराणा पण हिच्यातूनच आणते. वुडवर्ड अव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, तीही ऑगस्टमध्येच असते, तिथे नेली, इंजिन तापेल म्हणून जीव मुठीत, नाही तापलं. पेट्रोल भरताना अजून लोक थांबून बघतात, कारण टाकीचं झाकण डाव्या शेपटीच्या क्रोम पट्टीमागे लपवलंय, पट्टी बिजागरीवर उघडते. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, तिच्या लहानपणी मुंबईला मामाकडे जायचे तेव्हा असल्या डॉज-प्लिमथ टॅक्सीत आठ-आठ जण कोंबून बसायचे, त्यात एवढं काय.

अजून डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद आहे आणि रेडिओ नुसता गुणगुणतो. मागच्या डाव्या दाराच्या रबराची कड पावसात ओली होते, बाबा म्हणतात रबर नवीन आहे, बसेल हळूहळू, शिमला हात लावू नकोस. पुढच्या मे मध्ये येतायत, तोवर लावत नाही.