आजोबा काय रंगवत होते?

शाळेची आठवण लिहायची म्हटल्यावर कुणाला मैदान आठवेल, कुणाला स्नेहसंमेलन. मला आठवतो माझा रजेचा अर्ज.

1986 साल, मी आठवीत. इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे तीन वर्षांची पुंजी. गावाहून तार आली, आजोबा अत्यवस्थ. मी इंग्रजीत अर्ज खरडला. मरण्याच्या ‘डाय’ला आयएनजी लावताना आयचा वाय होतो हे डोक्यात होतं, मागची ई गळते हे विसरलो. सरांनी अर्ज वाचला, सही केली आणि एसटीपुरते पैसे आहेत का, एवढंच विचारलं.

आजोबा त्या दुखण्यातून उठले, पुढे नऊ वर्षं जगले. मी परतल्यावर सरांनी आधी त्यांची तब्येत विचारली, मग कपाटातून अर्ज काढला. “आता सांग, आजोबा काय रंगवत होते?” ई राहिली की तो शब्द कापड रंगवण्याचा होतो!

नियम पाठ करा असं सर कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, “‘फूल’चं ‘फुलाला’ करताना ऊ ऱ्हस्व होतो, तेव्हा रडता का? तसंच हे.” होप म्हणजे आशा, हॉप म्हणजे लंगडी. आयएनजी लावताना आशेची ई जाते, पी एकच राहतो. लंगडीला दोन पी. वर्गातल्या निम्म्या पत्रांत ‘आपण कुशल असाल अशी लंगडी घालतो’ असंच लिहिलेलं असे.

मोठ्या शब्दांत उच्चाराचा जोर जिथे, तिथे सर टेबलावर डस्टर आपटत. ‘बिगिन’मध्ये आपटी ‘गिन’वर, म्हणून आयएनजीआधी दोन एन. ‘ओपन’मध्ये ‘ओ’वर, म्हणून एकच. ‘प्रिफर’च्या भूतकाळात दोन आर, ‘ऑफर’च्या एक. खडूची भुकटी पहिल्या बाकावर, म्हणजे माझ्यावर.

‘ट्रॅव्हल’ला मात्र हे लागू पडेना. जोर पहिल्या ‘ट्रॅ’वर, तरी ईडीआधी दोन एल. “एल लाडावलेला आहे,” म्हणून सरांनी विषय मिटवला. पुढे नोकरीत अमेरिकी पद्धतीचं इंग्रजी आलं आणि कळलं की अमेरिकी कोशकार वेबस्टरने 1828च्या कोशात तिथे एकच एल ठेवला होता. म्हणजे सरांच्या डस्टरप्रमाणे अमेरिकावालेच बरोबर.

मी अजून दोनच लिहितो. संगणक खाली लाल नागमोडी रेघ ओढतो. ओढू दे.