भातलावणीच्या दिवसांतली संथ आसने

योगाभ्यास म्हटला की घाम, वेग आणि अंगाची कमान एवढेच अनेकांच्या डोळ्यांसमोर येते, याची मला मनापासून खंत वाटते. पतंजलींनी आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखकर ते आसन, अशी केली आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल सोडायला सांगितले. हठयोगावरच्या हठप्रदीपिका या जुन्या ग्रंथात शवासनाला 'श्रान्तिहरं' म्हटले आहे, म्हणजे शीण घालवणे हे आसनाचे कामच मानले गेले आहे.

आमच्या रत्नागिरीकडे आषाढात दिवसभर गुडघाभर चिखलात ओणवे राहून तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावणाऱ्या बायकांना आणखी व्यायामाची गरज नसते. त्यांच्या कंबरेला हवा असतो आधार. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे, ठोकळे, घोंगड्या वापरून शरीराला आधार देण्याची जी पद्धत रुजवली, ती खेड्यातल्या घरात सहज जमते. पडवीत कोरड्या जागी सतरंजी अंथरावी, गोधडीची लांब गुंडाळी करून ती कण्याखाली उभी ठेवावी, डोक्याखाली उशी घ्यावी आणि तळपाय एकमेकांना लावून गुडघे दोन्ही बाजूंच्या उशांवर सोडावेत. हे आधाराचे सुप्त बद्धकोणासन. सुरुवातीला हाताची मूठ तरव्याची जुडी धरल्यासारखी अर्धवट मिटलेलीच राहते. पाचेक मिनिटांनी एकेक बोट सैल पडू लागते आणि मग जबडाही सुटतो. घाई केली तर एवढेही घडत नाही, म्हणून संथपणाला मी इतके महत्त्व देते.

श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा अधिक वेळ द्यावा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. मात्र श्वास कोंडून धरू नये. नंतर पाठीवर पडून पाय वर भिंतीला टेकवून विपरीत करणी केल्यास दिवसभर उभे राहून जड झालेल्या पोटऱ्यांना उतार पडतो; काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नये. कंबरदुखी पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तरी आधी तपासणीच करून घ्यावी.

उठताना एका कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन सावकाश बसावे. हे सारे दिवेलागणीला, जेवणापूर्वी करणे उत्तम. आणि ती बाई आडवी असेल तेवढा वेळ चुलीवरच्या भाताकडे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पाहावे, असा माझा आग्रह आहे.